माठाच्या पोटातला खडा

हे मी आजपावतर कोणालेच सांगतलं नाही. लेकीले नाही, बहिणीले नाही, देवापुढं हात जोडून बसली तेव्हाही नाही — देवाले तं मालूमच असन, त्याले कायले सांगाचं? तुम्हाले सांगून राह्यली, कारण तुम्ही माह्ये कोणी नाही. उद्या तुमच्या तोंडाकडे मले पाहाचं नाही. अन् एक आधीच आयकून घ्या — हळहळ नको. 'बिच्चारी म्हातारी' असं म्हणाचं असन तं आत्ताच उठा.

आम्ही कुंभार. मी अन् आमचे हे. नाव घेत नाही मी त्यायचं, जितेपणी घेतलं नाही, आता काय घेऊ? नेरच्या अलीकडे तलावाच्या काठी आमचं घर. आपला जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेलता, त्याच्या पुढच्या एक-दोन सालातली गोष्ट. माह्यं नाव शेवंता, अन् अंगात मस्त ताकद होती तेव्हा.

तलावातली माती मीच खणाची, मीच वाळवाची, कुटाची, चाळाची. गाढवाची लीद कालवून पायानं तुडवाची — टाचा फुटत, पण माती लोण्यावानी होतपावतर सोडाची नाही. मंग लोंदा करून त्यायच्या हातात द्याचा. चाकाले मात्र बाईनं हात लावाचा नाही. आमच्यात तसंच आहे. सासूनं पहिल्याच दिवशी बजावलं, चाक म्हंजे देव, दुरून पाय पड. मी कधी लावला नाही हात. तुम्हाले वाटलं असन म्हातारी चाकाले हात लावल्याचं सांगून राह्यली — नाही, तेवढं सोपं असतं तं मी कधीच सांगून मोकळी झाली असती.

चाकावरून उतरते तो माठ नसते. हे लोकायले मालूम नाही. उतरते ते एक जाडजूड बोडकं — वर तोंड एकदम झकास, अन् खाली बूडच नाही. ते सावलीत ठेवाचं, सुकून थोडं आवळलं की माह्याकडे ये. आतून दगडाचा गोळा धराचा, बाहेरून लाकडाच्या थापीनं ठोकाचं. ठोकत जायचं, फिरवत जायचं, पोट फुगवाचं, बूड मिटवाचं, भिंत पातळ कराची. माठाचं तोंड त्यायचं अन् पोट माह्यं. पाणी थंड होते ते त्या पातळ पोटानं. नेरच्या बाजारात लोक टिचकी मारून पाहात, माठ टण्णकन वाजला की म्हणत — कुंभारदादा, हात लय भारी हो तुमचा. हे हसत. मी बी हसे. मले तेव्हा वाईट वाटे का? नाही वाटे. खोटं कायले बोलू?

सुख होतं ते. दुसरा शब्द नाही त्याले. अंगणात एका अंगाले त्यायचं चाक, दुसऱ्या अंगाले माह्यी थापी, दुपारपावतर बोलणं असं नसेच. अन् त्यायची बोटं — काय सांगू तुम्हाले त्या बोटायचं. लोंद्यात तिळाएवढा खडा राह्यला तरी चाक थांबे. भिंत वर ओढताना बोटाखाली काय आलं ते त्यायले लगेच समजे. खडा काढत, चिमटीत धरून माह्याकडे करत, म्हणत, "शेवंता, हा घे तुह्यावाला मोती." मी लाजे. मंग दुसऱ्या दिवशी माती दोन डाव चाळे. त्या बोटायसाठी चाळे मी.

तं एक दिवस, संक्रांत होऊन गेलती, नेरच्या बाजारात एक साहेब आले. अमरावतीकडे सरकारनं कुंभारकामाचं केंद्र काढलं होतं, तिथचे. पोरायले शिकवाले माणूस पाहून राह्यलते. त्यायनं आमचा माठ उचलला, उन्हात धरला, आतून हात फिरवला, टिचकी मारली. परत उचलला. विचारलं, "हे कोणी केलं?"

"मी केलं साहेब," हे म्हणाले.

मी बाजूलेच बसलती. गेरूनं लाल झालेले हात मांडीवर ठेवून.

साहेब माणूस चांगले होते, त्यायले नावं ठेवत नाही मी. म्हणाले, चार-पाच माठ करून द्या, आम्ही पाणी भरून ठेवू, मोठे साहेब पाहतील, अन् पसंत पडले तर मास्तर म्हणून तुमची जागा पक्की. महिन्याच्या महिन्याले पगार. राहाले पक्की खोली. अन् मंग माह्याकडे पाहून म्हणाले, "बाईंनाही आणा. तिथं त्यांना चिखलात हात घालावा लागणार नाही."

घरी येताना हे गाढवाच्या पुढं चालून राह्यलते, एखाद्या पोरावानी. मधातच थांबले अन् म्हणाले, "शेवंता, तुह्ये हात सुटले आता मातीतून." त्यायले वाटलं, मले काहीतरी देऊन राह्यले ते. डोळे भरून आलते त्यायचे. मी हो म्हणलं.

आता तुमच्या मनात काय आलं ते मले दिसून राह्यलं. तुम्ही म्हणाल — समजलं बाई, त्यायनं 'मी केलं' म्हणलं, अर्धा माठ तुह्या, अन् तुह्यं नावही नाही घेतलं, म्हणून तू चिडली. माह्या नातीले सांगतलं असतं तं तिनंही हेच म्हणलं असतं, वरून माह्या बाजूनं गावासंग भांडली असती. नको. मले वकील नको. तो राग होता, नव्हता असं नाही, पण तेवढ्यासाठी कोणी तसं करत नाही. मी जळली. एवढंच आहे ते. ते तिकडे पोरायले शिकवतील, लोक त्यायले मास्तर म्हणतील, अन् दुसरंच कोणी त्यायले माती मळून देईन — अन् मी खोलीत बसून त्यायची वाट पाहीन. माह्याशिवाय त्यायचं काही होऊन राह्यलं, हे मले पाहवलं नाही. काळ तसा होता म्हणू नका. काळाले मधात आणू नका. त्या काळात दुसऱ्या बी बाया होत्या, त्यायनं नाही केलं.

माठ कराले घेतले तेव्हा ते म्हणाले, "ही माती वेगळी मळ. जीव लावून मळ." मी मळली. खरंच जीव लावून मळली, इतकी साफ माती मी जन्मात केली नसन. त्यायनं चाकावर घेतली अन् एकदाही चाक थांबलं नाही. एकही खडा निघाला नाही. बोडकी उतरली, सावलीत ठेवली, आवळली. हे म्हणाले, मी आवा पेटवाले कपाशीच्या पऱ्हाट्या घेऊन येतो, तू ठोकून घे. अन् बैलबंडी मागून वावराकडे गेले.

मी थापी घेऊन बसली.

आमच्या तलावाच्या मातीत चुनखडी निघे. चाळताना जे खडे निघत ते मी कुंपणाशी टाको, ढिगारा झाल्ता. चुनखडी म्हंजे काय, कुंभाराच्या घरच्या माणसाले सांगा लागत नाही. ती मातीत राह्यली तं आव्यात भाजली जाते, अन् माठ बाहेर निघते तेव्हा काहीच दिसत नाही — वाजते बी चांगला. पण मंग तिले पाणी लागलं, ओल लागली, की ती आतल्या आत फुगते. दोन दिवसांनी, आठ दिवसांनी, कधी बी. भिंतीचा टवका उडते अन् तिथं पांढरा ठिपका दिसते. माठ गेला.

मी उठली. कुंपणाशी गेली. ज्वारीच्या दाण्याएवढे खडे निवडून पदराच्या वटीत घेतले. निवडून — आयकून राह्यले ना? हात थरथरला असं सांगू का तुम्हाले? नाही थरथरला. पोटाच्या भिंतीत अंगठ्यानं एक एक खडा दाबला, वरून पाण्याचा हात फिरवला, आतून गोळा धरला अन् थापी मारली. माती मिटली. माह्या थापीखाली कधीच काही दिसत नसे, एवढं काम मले ये. एका माठात मात्र खडा गेला नाही. दया आली म्हणून नाही. बंडीचा आवाज आला, वेळ नाही भेटला.

आवा उघडला तेव्हा माठ असे लाल निघाले की हे अंगणात बसूनच राह्यले. साहेबाची जीप आली, तणसात गुंडाळून माठ घेऊन गेली. हे पुढचा अख्खा महिना गावात कुठं उभे राह्यले तरी लोक विचारत, कुंभारदादा, कधी जाता? अन् हे माह्याकडे पाहात.

मंग निरोप आला, येऊन जा. गेले. संध्याकाळच्या मोटरीनं परत आले, ओसरीवर बसले, पाणी मागतलं. पाणी प्यायले नाही. रुमालाची गाठ सोडली अन् एक टवका माह्यापुढं ठेवला. आत पांढरा ठिपका.

आता विचारतील, मले वाटलं. विचारा. मी सांगाले तयार होती का? मले अजून समजत नाही. पण विचारतील हे मले पक्कं वाटलं होतं, कारण माती माह्यी, चाळणी माह्यी, पोट माह्यं. दुसऱ्या कोण्या बायकोले तिच्या नवऱ्यानं तिथंच झिंज्या धरून फरफटत नेलं असतं. ह्यायनं काय केलं — आपला उजवा हात समोर धरला अन् बोटाकडे पाहात बसले. म्हणाले, "एवढा मोठा खडा माह्या बोटाखालून गेला, शेवंता. अन् मले समजला नाही."

त्यायच्या मनात दुसरं आलंच नाही. खडा मातीत होता तं तो चाकावर बोटाखाली आलाच असन, अन् बोटाले लागला नाही म्हंजे बोटं मेली. हिसाब बरोबर होता त्यायचा. खडा चाकावरून उतरल्यावर आत गेला असन, हे त्या माणसाले सुचलं नाही. एक डाव तरी सुचाले पाहिजे होतं. मले त्यायचा राग आला त्याचा — हो, उलटा मलेच राग आला. इतकं कोणी कोणावर भरोसा ठेवते का?

त्यायनं माठ करणं सोडलं. एकदम नाही. आधी काही दिवस एक येडेपणा चालला त्यायचा. लोंद्यात स्वतःच ज्वारीचा दाणा टाकाचा, मळाचा, डोळे मिटाचे अन् बोटानं धुंडाचा. सापडे. दरवेळी सापडे. परत टाकत, परत काढत. मी थापी हातात घेऊन पाहो. एकदा डोळे न उघडताच मले म्हणाले, "आता सापडते. तेव्हा काहून नाही सापडला?"

मी उठून चुलीकडे गेली.

मंग ते घरावरचे कवेलू कराले लागले. साच्यात माती दाबाची, काढाची, वाळवाची. त्याले बोटं लागत नाही. कवेलू चांगले खपले, गावोगाव घरं झाकून राह्यलते लोक, आम्हाले काही कमी पडलं नाही. तांड्यावरची सोनी दर उन्हाळ्यात घागर न्याले ये, ती एक वर्षी आली अन् अंगणात नुसत्या कवेलूच्या थप्प्या पाहून कमरेवर हात ठेवून उभी राह्यली. "काहून व बाई, तुह्या माणसाचे हात कोणी बांधले?" म्हणाली. मस्करीत म्हणाली ती. मी तिले म्हणलं, बांधाले कायले लागते, उमर झाली. चाळिशीही नव्हती झाली त्यायची.

काहून नाही सांगतलं? हे विचाराचं असन तं विचारा, मीच विचारते दररोज. मारलं असतं म्हणून? त्यायनं जन्मात हात उगारला नाही. घराबाहेर काढलं असतं म्हणून? तेही नाही. त्यायनं माफ केलं असतं. मले मालूम होतं, त्यायनं खाली पाहून म्हणलं असतं — जाऊ दे शेवंता. अन् तेच मले नको होतं. त्यायच्या माफीखाली जन्म काढाचा? त्यापेक्षा त्यायनं आपल्या बोटाले दोष देल्ला तं देल्ला. मी अशी बाई आहे. तुम्हाले आवडली नाही तं नसो.

एवढंच असतं तरी मी आज बोलली नसती. खडा दाबला, ती एका दुपारची गोष्ट होती. बाईच्या डोक्यात एखादी दुपार घुसते, माणसाच्या बी घुसते. जे सांगाचं आहे ते पुढंच आहे.

महाराष्ट्र राज्य झालं, त्याच्या आगंमागं, साहेबाची जीप परत आली. आमच्या दारात. साहेबाचे केस पिकले होते थोडे. ओसरीवर बसले, चहा घेतला, अन् म्हणाले, "त्या माठांतला एक अजून माझ्या टेबलाशी आहे. त्याला काही झालं नाही. मी त्यातलंच पाणी पितो." मी कपबशी खाली ठेवली. "ज्या हातानं तो झाला, तो हात वाया जाऊ देणं मला बरं वाटत नाही," साहेब म्हणाले. "मातीत खडा कोणाच्याही येतो. नमुने नकोत, काही नको. जागा रिकामी आहे. चला."

जावंसं वाटून राह्यलं होतं ह्यायले — मी ओळखते ना, तलावाकडे पाहून बोटं अशी उघडझाप करून राह्यलते. मंग म्हणाले, "नाही साहेब. पोरायले काय शिकवू? माह्यी बोटं मेली. खडा समजत नाही मले."

"हे कोण म्हणतं?" साहेब म्हणाले.

"हिले विचारा," हे म्हणाले. "आजपावतर माती हिनंच देल्ली माह्या हातात. हिच्याइतकं माह्या हाताचं कोणालेच मालूम नाही."

अन् दोघंही माह्याकडे पाहाले लागले. साहेब अन् हे. ह्यायच्या डोळ्यात काय होतं ते सांगू? मी 'नाही' म्हणावं, एवढंच होतं. नाही साहेब, काही झालं नाही बोटायले, न्या यायले. खडा माह्या होता, हेही सांगाची गरज नव्हती. तेवढे चार शब्द बोलली असती तं झालं असतं. मले कोणी पकडून ठेवलं नव्हतं. ढिगारा नव्हता, वटीत खडे नव्हते, घाई नव्हती. दिवसाढवळ्या, डोकं शांत ठेवून, मी साहेबाच्या तोंडाकडे पाह्यलं.

"खरं आहे साहेब," मी म्हणलं. "हात गेला त्यायचा."

ह्यायनं मान हलवली. चेहरा मोकळा झाला त्यायचा, लय दिवसांचं ओझं कोणीतरी उतरवून घेतल्यावानी. साहेबाले म्हणाले, "पाह्यलं? शेवंता खोटं नाही बोलत."

साहेब उठले. जीप गेली. हे साच्यापाशी जाऊन बसले अन् मी कवेलूची माती तुडवाले घेतली. त्यानंतर ते लय वर्षं जगले, शेवटपावतर धडधाकट होते, बोटं बी. त्यायनं परत माठ केला नाही, अन् मी त्यायले करा म्हणलं नाही.